ग्रीकांनी जगाला खरंच एवढं काही दिलं का? नाणी बघणाऱ्या माणसाचं उत्तर

प्रश्न दोन भागांत आहे. एक म्हणजे ग्रीक संस्कृतीचा जगावर प्रभाव वगैरे जे सगळीकडे वाचायला मिळतं ते खरं आहे का युरोपियन लोकांनी फुगवलेलं, आणि आपल्या भागात त्याचा काही हाताला लागणारा पुरावा आहे का. दुसरं म्हणजे तुमच्या ओळखीचा एकजण मिनँडर या ग्रीक राजाचं चांदीचं नाणं स्वस्तात देतोय ते घ्यावं का. दुसऱ्याचं शेवटी सांगतो, आधी मोठं प्रकरण घेऊ.

मी जुनी नाणी बघतो, वजन-माप घेऊन नोंदी करतो, खरं-खोटं सांगतो, बरीच वर्षं हेच काम. त्यामुळे लोकशाही, तत्त्वज्ञान, नाटक यावर मी काही बोलणार नाही, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. पण नाण्यांपुरतं विचाराल तर माझं मत सरळ आहे, ग्रीकांचा प्रभाव प्रचंड होता आणि तो पसरला तो लोकांनी कॉपी मारल्यामुळे, आणि कॉपी मारणाऱ्या प्रत्येकाने आपल्या सोयीने त्यात फेरफार केले म्हणून तो टिकला. कोणी ग्रीकांच्या पायाशी बसून शिकायला गेलं नव्हतं.

पहिली गोष्ट म्हणजे नाणं हा ग्रीकांचा शोधच नाही. सर्वात जुनी नाणी लिडियाची, म्हणजे आजच्या तुर्कस्तानाच्या पश्चिम भागातली, इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासची, सोनं-चांदी मिश्र धातूची. शेजारच्या ग्रीक शहरांनी ती आयडिया उचलली आणि मग सुटलेच, प्रत्येक शहराचं वेगळं नाणं, एजिनाचं कासव, कॉरिंथचा पंखवाला घोडा, इफेससची मधमाशी, अथेन्सचं घुबड. लिपीही त्यांनी फिनिशियन व्यापाऱ्यांकडून घेतलेली. म्हणजे उचलण्यात हे लोक मुळातच पटाईत, आणि हे मी कौतुकाने म्हणतोय. त्यांनी त्यात भर काय घातली तर कलाकुसर. सिसिलीतल्या सिराक्यूजची मोठी दहा द्राख्माची नाणी बघा (द्राख्मा म्हणजे ग्रीकांचं चांदीच्या नाण्याचं माप), वजन 43 ग्रॅमच्या आसपास, आणि किमोन, युऐनेटोस या कारागिरांनी ठशात बारीक अक्षरात स्वतःची सही कोरलेली आहे. ठसा कोरणाऱ्याला सही करू देणारं सरकार, विचार करा जरा.

आता अथेन्सचं घुबड. एका बाजूला अथीना देवीचं डोकं, दुसऱ्या बाजूला घुबड, कोपऱ्यात ऑलिव्हची डहाळी आणि अल्फा-थीटा-एप्सिलॉन ही तीन अक्षरं. चार द्राख्माचं नाणं, साधारण 17.2 ग्रॅम, चांदी एकदम चोख. ही चांदी अथेन्सजवळच्या लॉरिऑनच्या खाणींची, आणि खाणीत राबणारे बहुतेक गुलाम, हे अथेन्सचं गुणगान करणारे पटकन विसरतात. इसवी सनापूर्वी 483 च्या सुमारास तिथे मोठा साठा लागला, पैसे लोकांना वाटून टाकायची टूम निघाली होती पण थेमिस्टोक्लीसने सगळ्यांना पटवलं की यातून 200 युद्धनौका बांधू, आणि त्याच आरमारावर 480 ला सॅलमिसला इराण्यांना हरवलं. पुढे हे घुबड सगळ्या पूर्व भूमध्य समुद्राचं चलन झालं, आणि जे चलन चालतं त्याची नक्कल होतेच. इजिप्तमध्ये घुबडं पाडली गेली, पॅलेस्टाइनच्या बाजूला पाडली गेली, पार येमेनमध्ये पाडली गेली. इजिप्त परत जिंकल्यावर इराणच्या तिसऱ्या अर्तक्षत्राने तर घुबडच ठेवलं आणि बाजूला इजिप्तच्या डेमोटिक लिपीत आपलं नाव घातलं. ज्या अथेन्सशी त्याच्या बापजाद्यांनी लढाया केल्या त्यांचंच घुबड, कारण सैनिकांना पगार म्हणून तेच हवं होतं!

यावर अथेन्सवाल्यांनी काय केलं तेही सापडलंय. इसवी सनापूर्वी 375 च्या एका कायद्याचा शिलालेख 1970 मध्ये अथेन्सच्या बाजारपेठेच्या उत्खननात मिळाला. त्यात म्हटलंय की बाजारात सराफांच्या टेबलांमध्ये एक सरकारी पारखी बसेल, हा पारखी स्वतः सरकारी गुलाम असायचा, नाणं आतून तांब्याचं किंवा शिशाचं निघालं तर त्याने तिथल्या तिथे ते कापायचं. पण परदेशात पाडलेलं, छाप अथेन्सचीच आणि चांदी चांगली असं नाणं असेल तर? जप्त नाही करायचं, आणणाऱ्याला परत द्यायचं. म्हणजे नक्कल आहे हे माहीत आहे पण माल चोख आहे ना, मग जा बाबा. आणि पारखी जागेवर बसला नाही तर त्याला 50 फटके. मला हा कायदा फार आवडतो, एवढी व्यवहारी नजर आजच्या कुठल्या कायद्यात दिसत नाही.

मग अलेक्झांडर. तो इसवी सनापूर्वी 323 मध्ये गेला पण त्याच्या नावाची नाणी, पुढे सिंहाचं कातडं डोक्यावर घेतलेला हेराक्लीस आणि मागे सिंहासनावर बसलेला झ्यूस, ही त्यानंतर दोनशे वर्षं ठिकठिकाणी पडत राहिली. त्याच्या सरदारांनी राज्यं वाटून घेतली आणि इजिप्तच्या टॉलेमीसारख्यांनी जिवंतपणी स्वतःचा चेहरा नाण्यावर घातला. आधी इराणी क्षत्रपांचे म्हणजे सुभेदारांचे तुरळक चेहरे आहेत, नाही असं नाही, पण एका बाजूला राजाचा मुखडा, दुसऱ्या बाजूला देव आणि शेजारी राजाचं नाव, हा जो फॉरमॅट आहे तो या लोकांनी पक्का केला आणि तोच पुढे रोमने घेतला आणि रोमकडून सगळ्या युरोपने. लंडनच्या नाण्यावर आज राजाचं तोंड आहे ते याच रांगेतलं.

पश्चिमेकडची नक्कल बघितली तर मजा येते. अलेक्झांडरच्या बापाची, दुसऱ्या फिलिपची सोन्याची नाणी फ्रान्स-इंग्लंडकडच्या केल्टिक टोळ्यांपर्यंत पोचली, अपोलोचं डोकं आणि मागे दोन घोड्यांचा रथ. त्यांनी कॉपी केली, मग कॉपीची कॉपी, शेवटी डोक्याचे नुसते केसांचे भोवरे राहिले आणि रथ जाऊन चाक आणि तुटक तुटक घोडा उरला. याला काही लोक अडाणीपणा म्हणतात, मला नाही पटत. ते घोडे इतके झकास आहेत की तो कारागीर स्वतःची चित्रं काढायला लागला होता हे सरळ दिसतं.

आता आपल्याकडे. नाणी ग्रीकांनी भारतात आणली असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आपली आहत नाणी, म्हणजे चांदीच्या पत्र्याचे तुकडे कापून वजन जुळवून त्यावर छोटे छोटे ठसे मारलेली, अलेक्झांडर यायच्या आधीपासून चालू होती. त्यांच्यावर सूर्य, डोंगर, हत्ती, झाड अशी चिन्हं, पण राजाचं नाव नाही, चेहरा नाही, अक्षरच नाही. अक्षर आणि चेहरा आला तो बॅक्ट्रियाच्या म्हणजे उत्तर अफगाणिस्तानच्या ग्रीक राजांमुळे, ते हिंदुकुश ओलांडून खाली आले तेव्हा.

पण खाली आल्यावर बदलले कोण? तेच बदलले. अगाथोक्लीस नावाचा राजा, इसवी सनापूर्वी 180 च्या आसपासचा, त्याची सहा चांदीची नाणी 1970 मध्ये उत्तर अफगाणिस्तानात आइ-खानुम इथे फ्रेंच लोकांना उत्खननात मिळाली. आकार चौकोनी, आपल्या आहत नाण्यांसारखा. चेहरा नाही. एका बाजूला ग्रीकमध्ये ‘राजा अगाथोक्लीसचं’ असं लिहिलंय आणि एक मूर्ती उभी, हातात नांगर आणि मुसळ. दुसऱ्या बाजूला ब्राह्मीत ‘रजने अगथुक्लयेस’ आणि चक्र-शंख घेतलेली मूर्ती. बलराम आणि वासुदेव कृष्ण. या दोन देवांची नक्की ओळखता येणारी जी सर्वात जुनी चित्रं आहेत त्यात ही नाणी येतात, आणि पाडली कोणी तर ग्रीक राजाने. बारकाईने बघाल तर पायातली पादत्राणं, अंगावरचं वस्त्र, डोक्यावरचं ते छत्रीसारखं काहीतरी, सगळी सरमिसळ आहे, कोरणाऱ्याने देव ऐकलेला आहे पण बघितला कितपत असेल देव जाणे. विदिशाजवळचा हेलिओडोरसचा गरुडस्तंभ याच प्रकारातला, ग्रीक राजाचा तक्षशिलेहून आलेला वकील आणि स्वतःला भागवत म्हणवतो.

त्यानंतर अपोलोडोटस आणि मिनँडर, ज्याला आपण पाली ग्रंथातला मिलिंद म्हणून ओळखतो. यांची नाणी दोन भाषांची, पुढे ग्रीक आणि मागे खरोष्टी या वायव्येकडच्या जुन्या लिपीत प्राकृत, ‘महरजस त्रतरस मेनंद्रस’. वजनही ग्रीक मापाचं सोडून इथे चालेल असं हलकं केलं. आणि ही नाणी एवढी चालली की पहिल्या शतकातला एक ग्रीक खलाशी आपल्या प्रवासवर्णनात लिहितो की भरुचला अजून अपोलोडोटस आणि मिनँडरचे जुने द्राख्मा चलनात आहेत. हे राजे जाऊन तेव्हा दीड-दोनशे वर्षं झालेली.

भरुच म्हणजे तेव्हाच्या क्षहरात या शक घराण्यातल्या क्षत्रपांचा मुलूख, आणि इथे गोष्ट नाशिकला येते. नहपान क्षत्रपाचं चांदीचं नाणं हातात घ्या, जेमतेम अडीच ग्रॅमच्या आतलं, बोटाच्या पेरावर मावेल एवढं. पुढच्या बाजूला उजवीकडे बघणारा चेहरा आणि त्याच्याभोवती गोल ग्रीक अक्षरं. पण ती ग्रीक भाषा नाहीये! अक्षरं ग्रीक आणि शब्द आपले, ‘राञो क्षहरातस नहपानस’ हेच ग्रीक लिपीत उतरवलेलं. मागच्या बाजूला बाण आणि वज्र, एका अंगाला ब्राह्मी, दुसऱ्या अंगाला खरोष्टी. म्हणजे अडीच ग्रॅम चांदीवर तीन लिप्या. चेहरे मात्र एकाचे एकाला जुळत नाहीत, कुठे तरुण, कुठे दात पडलेला म्हातारा, कुठे नुसतं नाकच नाक, नाव सगळीकडे नहपानच.

1906 च्या सुमारास नाशिकजवळ जोगलटेंभीला या नाण्यांचा साठा सापडला, 13,000 च्या वर नाणी, आणि त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने परत ठसा मारलेला. नहपानाला हरवलं, मग त्याची चांदी वितळवत बसण्यापेक्षा त्याच नाण्यावर आपला तीन कमानींचा डोंगर आणि उज्जैन चिन्ह (फुलीच्या चार टोकांना चार गोल) ठोकलं. यातलं नाणं भिंगाखाली धरून थोडं थोडं फिरवत गेलं की डोंगराच्या खालून नहपानाचा कान दिसतो, कुठे हनुवटी, कुठे दोन-तीन ग्रीक अक्षरं ठोक्यातून वाचलेली. ठोकणारा माणूस घाईत होता हेही कळतं कारण ठसा वाकडा बसलाय, अर्धा नाण्याच्या बाहेर गेलाय, कुणी बघत बसलं नाही.

पुढचा भाग मला सर्वात जास्त आवडतो. पांडवलेणीच्या तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राच्या आईने, गौतमी बलश्रीने, लेख कोरून घेतलाय त्यात मुलाला ‘सकयवनपल्हवनिसूदन’ म्हटलंय, शक, यवन, पल्हव यांचा संहार करणारा. ठीक. आणि याच घराण्यातल्या वासिष्ठीपुत्र पुळुमावी आणि यज्ञश्री सातकर्णी यांची चांदीची नाणी बघा, पुढे राजाचा चेहरा, कडेने गोल अक्षरं, वजन तेच क्षत्रप नाण्याचं. चेहऱ्याची पद्धत अलेक्झांडरच्या सरदारांकडून बॅक्ट्रिया, तिथून पंजाब, भरुच, नहपान आणि मग यवनांचा संहार करणाऱ्यांच्या घरात! कारण सोपं आहे, त्या पट्ट्यात चांदीचं नाणं म्हणजे चेहऱ्याचं नाणं अशी बाजाराला सवय लागली होती, आणि बाजाराच्या सवयीपुढे राजाचं काही चालत नाही. सातवाहनांनी फक्त मागची बाजू आपली ठेवली आणि तिथे दुसरा लेख दक्षिणेकडच्या भाषेत घातला.

ग्रीक अक्षरांचं पुढे काय झालं? नहपानाच्या वेळी ती वाचता येतात. नंतरच्या क्षत्रपांच्या नाण्यांवर हळूहळू नुसत्या ओ, आय, व्ही अशा रेघोट्या उरतात, इंग्रजी न येणाऱ्या पेंटरने ट्रकच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ बघून बघून काढावं तसं. वाचणारा कोणी नव्हता, कोरणाऱ्यालाही येत नव्हतं, पण ती नक्षी काढायची हिंमत कोणी केली नाही. चौथ्या शतकापर्यंत ती चालली, आणि चंद्रगुप्त विक्रमादित्याने क्षत्रपांचा मुलूख घेऊन तिथे चांदीची नाणी पाडली तर त्यातल्या काहींवरही चेहऱ्याजवळ त्या ग्रीक अक्षरांचे अवशेष लटकलेले आहेत. मिनँडरनंतर पाचशेहून जास्त वर्षं. उत्तरेला कुषाणांनी वेगळं केलं, कनिष्काच्या सुरुवातीच्या नाण्यांवर ग्रीक भाषा आहे मग त्याने भाषा बदलून बॅक्ट्रियन केली पण लिपी ग्रीकच ठेवली, एक अक्षर कमी पडत होतं, ‘श’ साठी, ते नवीन घातलं. याच लिपीत ‘बोद्दो’ लिहून त्याने बुद्धाची मूर्ती नाण्यावर घातली.

कार्ले, जुन्नर, नाशिकच्या लेण्यांतले यवन दात्यांचे लेख हाही पुरावा म्हणून दाखवतात. कार्ल्याच्या चैत्यगृहातले काही खांब धेनुकाकट नावाच्या गावच्या यवनांनी दिलेत, जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने पाण्याची टाकी दिली. पण जरा जपून, त्यातल्या बऱ्याच जणांची नावं सिंहध्वज, धर्म अशी चक्क भारतीय आहेत आणि यवन हा शब्द पश्चिमेकडून आलेल्या कोणालाही लावत असत. त्यामुळे कार्ल्याला ग्रीक राहत होते असं ठोकून देऊ नका. नाण्यावर निदान अक्षरं तरी ग्रीक आहेत.

या सगळ्याचा उलटा फायदा आपल्याला झाला तो 1830 च्या दशकात. खरोष्टी वाचणारा जगात कोणी उरला नव्हता. चार्ल्स मॅसनने काबूलच्या उत्तरेला बेग्रामला हजारोंनी नाणी गोळा केली, कलकत्त्याच्या टांकसाळीतल्या जेम्स प्रिन्सेपकडे अशी नाणी येत होती, आणि एकाच नाण्यावर पुढे ग्रीक मागे खरोष्टी असल्यामुळे राजांच्या नावांवरून एकेक अक्षर सुटत गेलं. ब्राह्मीतही लासेन या संस्कृतच्या युरोपियन अभ्यासकाने 1836 मध्ये अगाथोक्लीसचंच नाव वाचलं होतं, पुढच्या वर्षी प्रिन्सेपने बाकी लिपी उलगडली आणि अशोकाचे लेख बोलायला लागले. म्हणजे त्या दोन भाषांच्या नाण्यांशिवाय हे काम किती लांबलं असतं कोणास ठाऊक.

बरं, प्रभाव सगळीकडे पोचला असंही नाही. सातव्या शतकाच्या शेवटी खलिफा अब्द अल-मलिकने नाण्यावरची चित्रं काढून टाकली आणि फक्त अक्षरं ठेवली, तीच परंपरा सुलतानांकडून मुघलांपर्यंत (जहांगीरने मध्येच स्वतःचे चेहरे घातले, तो अपवाद). शिवराईवरही चेहरा नाही, एकीकडे ‘श्री राजा शिव’ आणि दुसरीकडे ‘छत्रपति’, बस. चेहरा परत आला तो कंपनी सरकारच्या 1835 च्या रुपयावर, चौथ्या विल्यमचा, मग राणीछाप, आणि 1950 मध्ये तो काढून आपण अशोकाचे सिंह घातले. अमेरिकेचा अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट याला ग्रीक नाण्यांचा उठाव एवढा आवडायचा की त्याने शिल्पकार सेंट-गॉडन्सकडून तसंच उंच उठावाचं 20 डॉलरचं सोन्याचं नाणं करून घेतलं, 1907 ला. सुंदर झालं, पण एकेका नाण्याला यंत्राचे अनेक ठोके लागायला लागले आणि बँकवाल्यांना नाण्यांची चळत नीट लावता येईना, मग उठाव कमी करावा लागला.

तर फुगवलंय का? काही फुगवलंय. भारतीयांना मूर्ती घडवायला ग्रीकांनी शिकवलं छापाची जी विधानं शंभर वर्षांपूर्वी सर्रास व्हायची ती आज कोणी जाणकार तशी करत नाही. पण फुगवलंय म्हणून सगळंच खोटं म्हणायचं तर नहपानाच्या नाण्यावरची ती अक्षरं कुठून आली तेही सांगावं लागेल.

आता तुमचं मिनँडरचं नाणं. नाणं दुर्मिळ नाही, त्याने चिक्कार पाडली, त्यामुळे खरं नाणं परवडण्यासारखं मिळू शकतं हे खरं आहे आणि याचाच फायदा खोटं विकणारे घेतात. आधी वजन करा, द्राख्मा असेल तर 2.4 ग्रॅमच्या जवळपास यायला हवं, फार फरक असेल तर सोडा. मग कड बघा, ओतीव खोट्या नाण्याला कडेने बारीक शिवण दिसते किंवा घासून काढल्याच्या खुणा दिसतात, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे बुडबुडे असतात. अक्षरांच्या कडा बघा, ठोकलेल्या नाण्यात त्या धारदार उठतात, ओतीव मध्ये साबणासारख्या मऊ. मागची खरोष्टी दुसऱ्या खऱ्या नाण्याच्या फोटोशी एकेक अक्षर लावून बघा, बनवणाऱ्याला ग्रीक जमतं पण खरोष्टीत तो हमखास गडबडतो. विकणाऱ्याकडे एकसारखी चार-पाच नाणी असतील, ठसा त्याच कोनात वाकडा, तोच ओरखडा सगळ्यांवर, तर तिथून निघा. आणि ‘शेतात सापडलं’ असं तो सांगत असेल तर अजिबात हात लावू नका, जमिनीत सापडलेला दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा कलेक्टरला कळवायचा असा 1878 चा कायदा आहे. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं देशाबाहेरही नेता येत नाही, त्यामुळे मुलगा अमेरिकेत आहे त्याला भेट म्हणून पाठवतो वगैरे विचार असेल तर तो सोडा. घ्यायचंच असेल तर पक्कं बिल देणाऱ्या नेहमीच्या डीलरकडून घ्या, आणि नुसतं बघायचं असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांचं म्युझियम आहे, तिथे जाऊन या. फोटो पाठवणार असाल तर दोन्ही बाजूंचा आणि कडेचा पाठवा, फ्लॅश न मारता, शेजारी पट्टी ठेवून.